तुमच्या कपाटातला झेब्रा नेमका कोणता? सॉफ्ट टॉयच्या छंदातून समजून घ्या खरा झेब्रा

बालवाडीच्या भिंतीवरचा इंग्रजी मुळाक्षरांचा तक्ता आठवतोय? 'ए फॉर ॲपल'पासून सुरू झालेला प्रवास शेवटी एकाच प्राण्यावर येऊन थांबायचा, तो म्हणजे 'झेड फॉर झेब्रा'. भारताच्या कोणत्याही जंगलात झेब्रा नाही. तरीही पट्टे दिसले की तीन वर्षांचं मूलसुद्धा त्याचं नाव सांगतं. चित्र, खेळणं आणि रस्त्यावरचं झेब्रा क्रॉसिंग, एवढ्या तीन गोष्टींवर आपली त्याच्याशी ओळख झालेली असते.

जगभरात सॉफ्ट टॉय गोळा करणाऱ्यांमध्ये एकाच प्राण्यावर जीव जडलेले अनेक जण असतात. कुणी फक्त हत्ती जमवतं, कुणी घुबडं, तर कुणी फक्त झेब्रे. झेब्रे जमवणाऱ्यांना एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. दोन झेब्र्यांचे पट्टे इतके वेगळे का? एकाच्या पोटावर पट्टे आहेत, दुसऱ्याचं पोट पांढरं आहे. यात बरोबर कोण?

उत्तर असं आहे की दोन्ही बरोबर असू शकतात. कारण झेब्रा हा एकच प्राणी नाही.

सगळ्यांना 'टेडी' का म्हणतात?

आपल्याकडे दुकानात जाऊन 'झेब्र्याचा टेडी दाखवा' असं सहज म्हटलं जातं. खरं तर टेडी म्हणजे अस्वल. १९०२ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. तिथे बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं आणि त्यातून रुझवेल्ट यांच्या 'टेडी' या टोपणनावाचं खेळण्यातलं अस्वल बाजारात आलं. पुढे आपल्याकडे कापूस भरलेला कोणताही प्राणी 'टेडी' झाला.

कापडी प्राण्यांचा व्यवसाय मात्र त्याआधीच सुरू झाला होता. जर्मनीतल्या मार्गारेट श्टाइफ यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि त्या व्हीलचेअर वापरत. १८८० मध्ये त्यांनी टाचण्या खोचून ठेवण्यासाठी कापडाचा छोटा हत्ती शिवला. मुलांनी तो खेळायला घेतला आणि त्यातून श्टाइफ ही कंपनी उभी राहिली. १९०४ पासून या कंपनीने खेळण्याच्या कानात धातूचं बटण लावायला सुरुवात केली. जुनी खेळणी जमवणारे आजही आधी कान तपासतात, ते याच बटणासाठी.

झेब्र्यांच्या संग्राहकांमध्ये ओळखीचं असलेलं आणखी एक नाव म्हणजे 'झिगी'. अमेरिकेतल्या टाय कंपनीच्या बीनी बेबीज या मालिकेतला हा छोटा झेब्रा १९९५ मध्ये आला. नव्वदच्या दशकात अमेरिकेत या खेळण्यांचं वेड इतकं वाढलं की लोक ती शेअरसारखी विकत घेऊन ठेवू लागले. पुढे मागणी ओसरली, भाव कोसळले आणि अनेकांच्या घरात खोकीच्या खोकी पडून राहिली. गुंतवणूक म्हणून घेतलेलं खेळणं रडवू शकतं, आवड म्हणून घेतलेलं सहसा नाही. या छंदातला हा सर्वांत महागात पडलेला धडा म्हणता येईल.

झेब्र्याचे तीन प्रकार

आज जगात झेब्र्याच्या तीन प्रजाती आहेत आणि तिन्ही फक्त आफ्रिकेत आढळतात.

मैदानी झेब्रा: सर्वांत जास्त संख्येने असलेला, माहितीपटांमध्ये नेहमी दिसणारा. पूर्व आफ्रिकेपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आढळतो. याचे पट्टे रुंद असतात आणि बहुतेक वेळा पोटाखाली जाऊन मिळतात. दक्षिणेकडच्या काही झेब्र्यांत दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये फिकट तपकिरी रंगाचा एक पुसट पट्टा दिसतो. त्याला सावलीचा पट्टा म्हणतात.

डोंगरी झेब्रा: दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि अंगोलाच्या खडकाळ भागात राहतो. पोट पांढरं, गळ्याखाली कातडीची छोटी लोंबती घडी आणि शेपटीच्या वर पाठीवर जाळीसारखे आडवे बारीक पट्टे, या तीन खुणांवरून तो ओळखू येतो.

ग्रेवी झेब्रा: तिघांत सर्वांत मोठा. वजन साडेचारशे किलोपर्यंत जाऊ शकतं. पट्टे अगदी बारीक आणि दाट, पोट पांढरं आणि कान मोठे, गोलसर. आज तो मुख्यतः उत्तर केनियात आणि थोड्या संख्येने इथिओपियात उरला आहे. १८८२ मध्ये ॲबिसिनियातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, फ्रान्सचे अध्यक्ष ज्यूल ग्रेवी यांना असा झेब्रा भेट मिळाला होता. त्यांच्यावरूनच हे नाव पडलं.

खेळणं हातात घ्या आणि तपासा

आता तुमच्याकडचा झेब्रा घ्या आणि या पाच जागा पाहा.

१. पोट: पट्टे पोटापर्यंत गेले असतील तर बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मैदानी झेब्रा असावा. पोट पांढरं असेल तर डोंगरी किंवा ग्रेवी. अर्थात, अनेकदा खर्च वाचवण्यासाठीही पोटाला साधं पांढरं कापड लावलेलं असतं.

२. कान: मोठे आणि गोल असतील तर ग्रेवीची शक्यता जास्त.

३. आयाळ: खऱ्या झेब्र्याची आयाळ ब्रशसारखी ताठ उभी असते आणि मानेवरचे पट्टे आयाळीतही पुढे चालू राहतात. घोड्यासारखी लांब, एका बाजूला पडलेली आयाळ ही खेळण्यांतली नेहमीची चूक आहे.

४. शेपूट: झेब्र्याच्या शेपटीला मुळापासून लांब केस नसतात. फक्त टोकाला झुपका असतो.

५. पाय: पायांवरचे पट्टे आडवे असतात आणि धडावरचे उभे. सगळ्या अंगाला एकाच दिशेचं पट्टेरी कापड लावलेलं असेल तर ते खेळणं घाईत बनलंय असं समजा.

पिल्लू म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळण्यात आणखी एक गंमत पाहता येईल. झेब्र्याचं पिल्लू जन्मतः काळं-पांढरं नसतं. त्याचे पट्टे तपकिरी दिसतात आणि वयानुसार गडद होतात. त्याचे पाय शरीराच्या मानाने खूपच लांब असतात. त्यामुळे तपकिरी पट्ट्यांचा, काटकुळ्या पायांचा झेब्रा दिसला तर तो रंग उडालेला माल आहे असं समजू नका. तो अभ्यास करून बनवलेला असू शकतो.

पट्टे कशासाठी?

'झेब्रा पांढरा की काळा?' हा सोशल मीडियावरचा लाडका वाद. पट्ट्यांखालची झेब्र्याची कातडी काळसर असते. ज्या केसांत रंगद्रव्य तयार होत नाही ते पांढरे दिसतात. त्यामुळे 'काळ्यावर पांढरे पट्टे' हे उत्तर जास्त बरोबर मानलं जातं.

पण पट्टे मुळात आलेच का? सिंहाला चकवण्यासाठी, उन्हात अंग थंड ठेवण्यासाठी, एकमेकांना ओळखण्यासाठी अशी अनेक उत्तरं दीडशे वर्षांपासून दिली जात आहेत. सध्या सर्वांत भक्कम पुरावा आहे तो माश्यांचा.

आफ्रिकेत त्से-त्से माशी आणि गोमाशी नुसत्या चावत नाहीत, त्या जीवघेणे आजारही पसरवतात. झेब्र्याचे केस आखूड असल्याने त्याला या माश्यांपासून फारसं संरक्षण मिळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे टिम कारो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ज्या प्रदेशात चावणाऱ्या माश्या जास्त, तिथल्या घोडा-कुळातल्या प्राण्यांवर पट्टेही जास्त.

मग २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये एक साधा पण भन्नाट प्रयोग झाला. घोड्यांना काळे, पांढरे आणि पट्टेरी असे वेगवेगळे झगे घालण्यात आले. माश्या सगळ्यांच्या जवळ आल्या, पण पट्टेरी झग्यावर फारच कमी उतरल्या. त्याच घोड्याच्या उघड्या डोक्यावर मात्र त्या नेहमीसारख्याच बसत होत्या. म्हणजे पट्टे माशीला दुरून पळवत नाहीत, तर अगदी जवळ आल्यावर तिचा उतरण्याचा अंदाज चुकवतात.

त्याच वर्षी जपानमधल्या संशोधकांनी काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले. त्यांच्यावर बसणाऱ्या माश्या जवळपास निम्म्याने कमी झाल्या. या प्रयोगाला २०२५ मध्ये 'आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या' संशोधनाला मिळणारं इग नोबेल पारितोषिक मिळालं. कीटकनाशकाचा खर्च परवडत नसलेल्या पशुपालकासाठी मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

जहांगीरच्या दरबारातला झेब्रा

भारतात झेब्रा फक्त तक्त्यावरच आला असं नाही. १६२१ च्या सुमारास मुघल बादशहा जहांगीरला एक झेब्रा भेट मिळाला. तो ॲबिसिनियातून आणला गेला होता. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याचं वर्णन वाघासारखे पट्टे असलेलं विचित्र रानगाढव असं केलं आहे. पट्टे इतके रेखीव होते की काहींना ते रंगवलेले वाटले. नीट तपासणी केल्यावरच ते खरे असल्याचं मान्य झालं.

जहांगीरने आपला चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून या झेब्र्याचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. ज्यांनी कधी झेब्रा पाहिलाच नव्हता अशा लोकांसाठी काढलेलं हे चित्र आजच्या अनेक खेळण्यांपेक्षा जास्त अचूक आहे. आयाळ ताठ, पायांवर आडवे पट्टे, शेपटीच्या टोकाला झुपका.

बादशहाला हे 'रानगाढव' वाटलं, त्यातही चूक फारशी नव्हती. झेब्रा, घोडा आणि गाढव एकाच कुळातले. या कुळातला भारतातला आपला प्राणी म्हणजे कच्छच्या छोट्या रणातला घुडखर. झेब्र्याचे पट्टे त्याच्याकडे नाहीत, पण आखूड ताठ आयाळ आणि शेपटीचा झुपका तोच. जिवंत झेब्रा पाहायचा असेल तर म्हैसूर आणि कोलकात्याचं अलिपूर ही देशातली माहितीतली प्राणीसंग्रहालयं आहेत. पण घुडखर मात्र मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर, मोकळ्या रानात दिसतो.

फक्त पेंढा भरलेला उरला, तो क्वागा

झेब्र्यांच्या संग्रहात ज्याचं खेळणं क्वचितच सापडतं असा एक प्राणी म्हणजे क्वागा. डोकं, मान आणि छातीवर पट्टे, मागचं अंग साधं तपकिरी, पाय पांढरट. अर्धा झेब्रा, अर्धा घोडा वाटावा असा. दक्षिण आफ्रिकेत त्याचे मोठे कळप होते. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी कातड्यासाठी, मांसासाठी आणि आपल्या गुरांना चारा पुरावा म्हणून त्यांची बेसुमार शिकार केली.

१२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणीसंग्रहालयात एक क्वागा मादी मेली. ती जगातली शेवटची होती हे त्या वेळी कुणाच्या लक्षातही आलं नाही. 'क्वागा' हे नाव तेव्हा सगळ्याच झेब्र्यांसाठी सरसकट वापरलं जायचं. त्यामुळे एक प्राणी संपला, तरी रानात अजून आहेत असंच लोकांना वाटत राहिलं.

आज क्वागा उरला आहे तो मोजक्या संग्रहालयांत, पेंढा भरलेल्या अवस्थेत. पण गोष्ट इथे संपत नाही. केपटाऊनच्या संग्रहालयात राइनहोल्ड राऊ नावाचे तज्ज्ञ मृत प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते जतन करण्याचं काम करायचे. १९६९ मध्ये क्वागाच्या पिल्लाचं जुनं कातडं पुन्हा नीट बसवताना त्यांना आतल्या बाजूला सुकलेल्या मांसाचे कण चिकटलेले दिसले. ते त्यांनी फेकून न देता जपून ठेवले. पुढे जर्मनीतल्या माइन्झच्या संग्रहालयातल्या क्वागाच्या अशाच कणांतून अमेरिकी शास्त्रज्ञांनी डीएनए मिळवला आणि १९८४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. नामशेष प्राण्याचा डीएनए वाचण्याची ही पहिलीच वेळ होती. क्वागा ही वेगळी प्रजाती नसून मैदानी झेब्र्याचाच एक उपप्रकार होता, हे पुढच्या अभ्यासांतून स्पष्ट झालं.

त्यानंतर १९८७ मध्ये राऊ यांनी कमी पट्ट्यांचे मैदानी झेब्रे निवडून त्यांची पैदास सुरू केली. आज त्यातले काही झेब्रे क्वागासारखे दिसतात. मात्र दिसणं आणि असणं यात फरक आहे. गेलेला क्वागा परत आलेला नाही, असं अनेक शास्त्रज्ञ सांगतात.

आजारपणात हातात झेब्रा का?

सोशल मीडियावर रुग्णालयातल्या बेडवर झेब्र्याचं खेळणं घेतलेल्या व्यक्तींचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यामागे एक गंभीर कारण आहे.

अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना एक गोष्ट शिकवली जाते. टापांचा आवाज आला तर आधी घोडा असेल असं समजा, झेब्रा नव्हे. म्हणजे लक्षणं दिसली की आधी नेहमीच्या आजाराचा विचार करा, दुर्मीळ आजाराचा नको. मेरीलँडचे डॉ. थिओडोर वुडवर्ड यांच्या नावावर ही शिकवण सांगितली जाते. (आफ्रिकेत अर्थातच ती उलटी लागू होईल!)

पण ज्यांना खरोखरच दुर्मीळ आजार असतो त्यांचं काय? सांधे वारंवार निखळणं, सतत वेदना, सहज ताणली जाणारी कातडी अशी लक्षणं असलेल्या एहलर्स-डॅनलोस सिंड्रोमच्या अनेक रुग्णांना निदानासाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. 'काही नाही, मनाचे खेळ आहेत' हे ऐकून घ्यावं लागतं. म्हणून या रुग्णांनी झेब्रा हेच आपलं चिन्ह केलं. आम्ही आहोत, आमच्या टापांचाही आवाज ऐका, असा त्याचा अर्थ. यातल्या कित्येकांच्या घरी झेब्र्यांचा संग्रह सुरू होतो तो कुणीतरी भेट दिलेल्या पहिल्या खेळण्यापासून.

दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी जागतिक दुर्मीळ आजार दिन पाळला जातो. भारताने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं. त्यात समाविष्ट असलेल्या आजारांच्या उपचारांसाठी ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्यापैकी एक केंद्र आहे.

खऱ्या झेब्र्यांची परिस्थिती काय?

मैदानी झेब्रे आज सुमारे पाच लाख आहेत, पण संख्या घटते आहे. त्यामुळे त्यांना 'संकटाच्या उंबरठ्यावर' या गटात ठेवलं आहे. डोंगरी झेब्रा 'असुरक्षित' गटात आहे. त्यातल्या केप प्रकाराची संख्या गेल्या शतकात शंभराच्याही खाली गेली होती. १९३७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत खास त्यांच्यासाठी राष्ट्रीय उद्यान सुरू झालं आणि पुढच्या दशकांत ते वाचले.

सर्वांत नाजूक अवस्था ग्रेवीची आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते सुमारे १५ हजार होते. आज तीन हजारांच्या आसपास उरले आहेत. शिकार, दुष्काळ आणि पाणी-चाऱ्यासाठी पाळीव जनावरांशी असलेली स्पर्धा ही त्याची प्रमुख कारणं.

त्यांची मोजणी मात्र भारी पद्धतीने होते. प्रत्येक झेब्र्याचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात. २०१६ मध्ये केनियात सामान्य नागरिक, शाळकरी मुलं आणि रेंजर कॅमेरे घेऊन बाहेर पडले आणि दिसेल त्या ग्रेवी झेब्र्याच्या उजव्या बाजूचा फोटो काढला. सगळ्यांनी एकच बाजू टिपली, कारण डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टे सारखे नसतात. संगणकाने ते फोटो जुळवून एक झेब्रा दोनदा मोजला जाणार नाही याची काळजी घेतली. पुढेही ही मोहीम पुन्हा राबवण्यात आली.

संग्रह करताना हे लक्षात ठेवा

• लहान मुलासाठी घेत असाल तर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांसाठी ते बंधनकारक आहे.
• तीन वर्षांखालील मुलांसाठी बटणाचे डोळे टाळा, भरतकाम केलेले घ्या. डोळा ओढून पाहा, शिवण तपासा.
• धुण्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालाने काळा पट्टा घासून पाहा. रंग लागला तर मशीनमध्ये टाकू नका, नाहीतर सगळाच झेब्रा राखाडी होईल. फक्त वरून पुसून घ्या.
• रंग पक्का असेल तर जाळीच्या पिशवीत घालून थंड पाण्यात, हलक्या सेटिंगवर धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. आतला कापूस ओला राहिला तर कुबट वास येतो.
• पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्यास बुरशी लागू शकते.
• घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर खेळणं पिशवीत घालून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग धुवा. थंडीने धुळीतले सूक्ष्म किडे मरतात, धुण्याने त्यांचे अवशेष निघून जातात.
• परदेशातून आणलेली वस्तू खऱ्या कातड्याची नाही ना, हे विचारा. ग्रेवी झेब्र्याच्या कातड्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे.

आणि प्रत्येक झेब्र्याला एक छोटी चिठ्ठी बांधा. कुठे घेतला, कधी, कुणी दिला आणि तो तिघांपैकी कोणता. नामशेष झालेल्या क्वागाबद्दल आज जे कळतं, त्यातलं बरंच कुणीतरी जपून ठेवलेल्या कातड्यांमुळे आणि नोंदींमुळेच कळतं. ग्रेवीच्या बाबतीत ती वेळ अजून आलेली नाही. तो अजून उत्तर केनियाच्या माळरानावर चरतो आहे आणि त्याचे फोटो काढून त्याला मोजणारी माणसंही तिथे आहेत.